तारांची पेटी आणि लॅपटॉप : अल मजाजमधील एक संध्याकाळ

यंदा जुलै महिन्यात मुंबईस जाताना वाटेत चार दिवस आमचा मुक्काम शारजा येथे पडला. आपल्या बेटावर तेव्हा थंडीचे दिवस होते, व्हाक्वात लोक स्वेटर घालून बाजारास जात होते. तिकडे मात्र विमानतळाबाहेर पाऊल टाकताच तापलेल्या भट्टीचे दार उघडल्यासारखे झाले.

शारजा हे संयुक्त अरब अमिरातींच्या सात राज्यांपैकी एक, दुबईला अगदी लागून. शहरात खालिद लगून नावाचे मोठे जलाशयासारखे खाडीचे पाणी आहे आणि त्याच्या काठी अल मजाज हा भाग वसलेला आहे. काठावर बाग आहे, फिरावयास रस्ता आहे, रात्री संगीताच्या तालावर उडणारे कारंजे आहे. पाण्यातील एका लहानशा बेटावर २०१४ साली बांधलेले खुले नाट्यगृहही आहे. मागे उंच इमारती आणि त्यांत देशोदेशीची कुटुंबे. सूर्य मावळल्यावर खाली उतरले की मल्याळम, उर्दू, अरबी, तागालोग आणि जरा कानोसा घेतला तर मराठीसुद्धा कानी पडते.

आमचे यजमान मूळचे संगमेश्वर तालुक्यातले. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून गलबतात बसून मॉरिशसला आले, तोच हा मुलूख. फरक एवढाच, की आपले पणजे आले ते येथेच राहिले. आखातात गेलेला माणूस मात्र नोकरी असेपर्यंत राहतो. नोकरी संपली की बहुतेकांना परतावे लागते. यजमानांची नोकरी या वर्षअखेर संपणार होती. सव्वीस वर्षांचे बिऱ्हाड आवरावयाचे होते, आणि घरात खोकी भरावयास सुरुवातही झाली होती.

दिवाणखान्यात एका कोपऱ्यात हार्मोनियम होती, भिंतीवर गणपतीची तसबीर होती, आणि तिच्याखाली एक विलक्षण लाकडी पेटी होती. पेटीच्या तोंडावर धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांवर शेकडा दीडशे बटणे आणि तितकीच भोके. एका भोकातून दुसऱ्या भोकात गेलेल्या लाल, पिवळ्या, काळ्या तारांचा गुंता. आम्हांस वाटले, जुने टेलिफोन एक्स्चेंज असावे. यजमानांचा मुलगा हसला.

“काका, हे वाद्य आहे,” तो म्हणाला. “मॉड्युलर सिंथेसायझर.”

शेजारी टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडा होता. त्याच्या पडद्यावर तशीच पेटी, तशीच बटणे, तशाच लोंबत्या तारा, पण सगळे चित्रात. “आणि हेही तेच वाद्य आहे,” असे म्हणून त्याने सुस्कारा सोडला. हा सुस्कारा कशाचा, ते पुढे येईल.

पेटीच्या आत काय चालते

प्रथम हे वाद्य आहे तरी काय, ते समजून घेऊ. आमच्यासारख्या अडाण्यास त्या मुलाने जसे समजाविले तसेच सांगतो.

तंबोऱ्याची तार छेडली की ती कंप पावते आणि हवा हलते. सिंथेसायझरात तार नसते. तेथे विजेचा दाबच मागेपुढे डोलतो आणि लाउडस्पीकर त्या डोलण्याचा आवाज करतो. हे डोलणे निर्माण करणाऱ्या भागास ऑसिलेटर म्हणतात. त्याचा कच्चा आवाज करवतीसारखा खरखरीत असतो, कारण मूळ स्वराबरोबर वरचे कितीतरी स्वर त्यात मिसळलेले असतात. मग येतो फिल्टर. तो हे वरचे स्वर हवे तितके गाळतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा आवाज कसा खुलतो किंवा मिटतो ते आठवा. फिल्टरचे बटण फिरविताना कानास काहीसा तसाच अनुभव येतो. तिसरा भाग आवाज कसा उठावा आणि कसा विरावा हे ठरवितो. एकदम उठून लगेच विरला तर पखवाजाची थाप, हळूहळू उठून रेंगाळला तर बासरीची फुंकर.

हे सगळे भाग सुटे असतात, म्हणून ‘मॉड्युलर’. कोणता कोणाला जोडावयाचा हे तारा खुपसून आपण ठरवावयाचे. अमेरिकेचे रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या साहाय्याने १९६४ साली हे वाद्य सिद्ध केले. त्यांनी घातलेला एक नियम आजही पाळला जातो : विजेचा दाब एक व्होल्टने वाढविला की स्वर एक सप्तक वर चढतो. म्हणजे हार्मोनियमच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचे अंतर व्होल्टच्या बाराव्या हिश्श्याएवढे, सुमारे ८३ मिलिव्होल्ट. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुकला यांनीही अशीच पेटी बनविली, आणि त्यांनी तर नेहमीची काळी-पांढरी पट्टीच नाकारली. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी मूगवर जर्मन संगीतकार बाख यांच्या रचना वाजवून ध्वनिमुद्रिका काढली आणि हे वाद्य जगभर माहीत झाले. तेव्हाचे मूग एका वेळी एकच स्वर वाजवू शके. म्हणून ती सारी ध्वनिमुद्रिका एकेक स्वरपंक्ती फितीवर नोंदवून, एकावर एक चढवून तयार करावी लागली.

ऊन लागले की बेसूर

“काका, आता गंमत बघा,” असे म्हणून मुलाने पेटीतून षड्ज लावला आणि लॅपटॉपमधूनही तोच षड्ज लावला. दोन्ही अगदी मिळाले. मग त्याने खोलीचा एअरकंडिशनर बंद केला.

पाच-सात मिनिटांत खोली तापली, आणि दोन स्वरांमध्ये घरघर सुरू झाली. पेटीचा स्वर घसरला होता. लॅपटॉप जागचा हलला नव्हता.

याचे कारण ट्रान्झिस्टरमध्ये आहे. व्होल्टच्या हिशेबाने सप्तक चढविण्याचे काम ज्या ट्रान्झिस्टरकडून करून घेतात, त्याचे वागणे उष्णतेने बदलते. त्याला आवर घालण्यासाठी उष्णतेबरोबर बदलणारा खास रोधक बसवितात, तरी थोडी चूक राहतेच. जुन्या मूगच्या काळी तर पेटी चालू करून बराच वेळ तापू द्यावी लागे आणि मगच सूर मिळवावे लागत. कार्लोस यांनाही काम करताना पुन्हा पुन्हा थांबून सूर तपासावे लागत.

आपणांस यात नवल वाटावयाचे कारण नाही. सेगाच्या रात्री रवान वाजविण्यापूर्वी तिची शेळीची कातडी जाळावर शेकतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. दमट हवेत कातडी सैल पडते, शेकली की ताणते. मध्यरात्री पुन्हा एकदा शेकावी लागते. ज्या वाद्यास हवामान समजते त्याच्याशी वाजविणाऱ्यास सलगी ठेवावी लागते.

लॅपटॉपमध्ये यांपैकी काही नाही. तेथे वीज डोलत नाही, आकडे मोजले जातात. सेकंदाला ४४,१०० वेळा संगणक हिशेब करतो, की या क्षणी पडदा कोठे असावा, आणि तो आकडा लाउडस्पीकरकडे धाडतो. आकड्यांस ऊन लागत नाही. गंमत अशी, की सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी पुढे आपल्या वाद्यात मुद्दाम एक बटण ठेवले, ज्याने स्वर जरासा घसरावा आणि जुन्या पेटीची आठवण यावी. ज्या दोषापायी पूर्वीचे लोक जेरीस आले, तोच आता विकत मिळतो!

आमची परीक्षा

मग आमची परीक्षा झाली. मुलाने आम्हांस पाठमोरे बसविले आणि एकच चाल कधी पेटीवर, कधी लॅपटॉपवर, अशी पाच वेळा ऐकविली. कोणती कोठली ते आम्ही ओळखावयाचे होते. पाचांत आम्ही तीन वेळा चुकलो. यजमान दोन वेळा चुकले. स्वयंपाकघरातून आजींना विचारले तर त्या म्हणाल्या, “दोन्ही सारखंच ठणाणतंय रे. ते बंद कर, आणि भाकऱ्या निवतायत, जेवायला ये.”

म्हणजे कानाने पाहिले तर भांडण जवळजवळ मिटलेले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तसे नव्हते. त्या वेळची सॉफ्टवेअरची वाद्ये वरच्या पट्टीत गेली की हिशेबाच्या अपुरेपणामुळे एक परका, किणकिणता स्वर मधेच उमटे. शिवाय पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जाणवण्याजोगा उशीर होई. संगणक वेगवान झाले तसे हे दोन्ही दोष कमी झाले. आजचा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आसपास आणता येतो. आवाजास हवेतून दोन मीटर जाण्यास तेवढाच वेळ लागतो; म्हणजे भजनात पेटीवाल्यापासून तेवढ्या अंतरावर बसलेल्या टाळकऱ्यास जितका उशीर होतो, जवळपास तितकाच.

आणि किमतीचे म्हणाल तर तुलनाच नको. मूग कंपनीने २०१५ साली आपली जुनी मॉड्युलर वाद्ये पुन्हा बनविली, त्यांतील ‘मॉडेल १५’ या सर्वांत लहान पेटीची किंमत दहा हजार डॉलर होती आणि मोठ्या ‘सिस्टिम ५५’ ची पस्तीस हजार. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, त्याच कंपनीने तेच मॉडेल १५ आयपॅड व आयफोनसाठी सॉफ्टवेअरच्या रूपात काढले, ते तीस डॉलरला. फ्रान्समधील आर्टुरिया या कंपनीने तर २००३ मध्येच मूगच्या मॉड्युलर पेटीची संगणकी प्रतिकृती केली होती, आणि तिला खुद्द मूग यांचे साहाय्य होते. २०१७ पासून व्हीसीव्ही रॅक नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात पडद्यावर हव्या तितक्या पट्ट्या मांडा आणि हव्या तितक्या तारा खुपसा. जे वाद्य एके काळी विद्यापीठांना आणि श्रीमंत वादकांनाच परवडे, ते आज रोझ हिलच्या किंवा कॅस्काव्हेलच्या कोणत्याही शाळकरी मुलास मिळू शकते. ही गोष्ट लहान नाही. जुन्याचे गोडवे गाताना ती विसरू नये.

हार्मोनियमचीही अशीच निंदा झाली होती. परदेशी पेटी, तिच्यातून श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बंदी केली. ती १९७० नंतर सैल झाली. आणि आपल्याकडे तर पेटीवाचून भजन उभे राहत नाही! नव्या वाद्याबद्दल मत देताना एवढा इतिहास लक्षात असू द्यावा.

अहमदाबादच्या फिती

“मग तुझे दुःख काय?” आम्ही त्या मुलास विचारले. “आवाज सारखाच, किंमत कमी, वजन शून्य. ही पेटी विकून टाक.”

त्याने उत्तर दिले नाही. लॅपटॉपवर एक ध्वनिमुद्रण लावले. सुरुवातीस गुणगुण, मग एक लांबलचक घसरत जाणारा स्वर, जणू कोणी यंत्राकडून मींड काढून घेत आहे. “हे कुठलं असेल, काका?” आम्ही म्हटले, अमेरिकेचे किंवा जर्मनीचे असावे.

“अहमदाबादचं आहे. साधारण १९७० चं.”

ही हकीकत आम्हांस ठाऊक नव्हती, म्हणून वाचकांसाठी देतो. अहमदाबाद येथे १९६१ साली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था स्थापन झाली. साराभाई कुटुंबातील गौतम व गिरा या भावंडांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा. त्यांच्या भगिनी गीता साराभाई पखवाज वाजवीत. त्या काळी स्त्रीने पखवाज वाजविणे दुर्मीळच. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या असता तेथील संगीतकार जॉन केज यांच्याशी त्यांची ओळख झाली. केज यांनी त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवावे, त्यांनी केज यांना भारतीय संगीत शिकवावे, असा सौदा ठरला. या ओळखीतून पुढे केज यांचे सहकारी, पियानोवादक डेव्हिड ट्यूडर १९६९ साली अहमदाबादेस आले आणि संस्थेत मूगची मॉड्युलर पेटी व टेपरेकॉर्डर मांडून त्यांनी ध्वनिशाळा उभी केली. मुंबई-पुण्यास नव्हे, अहमदाबादेस! पेटीबरोबर शिकविणारा आला खरा, पण तो फार दिवस राहिला नाही. पुढे जे केले ते तेथल्या लोकांनी : गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा.

मॉड्युलर पेटीस बारा पट्ट्यांचे बंधन नाही. बटण फिरवाल तेथे स्वर लागतो, म्हणून आपल्या संगीतास ती हार्मोनियमहून जवळची. त्या मंडळींनी रागाच्या अंगाने काही केले, पक्ष्यांचे, यंत्रांचे आवाज मिसळून काही केले. १९७२ च्या सुमारास हे काम थांबले, आणि पुढे जवळजवळ सगळे विसरून गेले. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. बऱ्याच वर्षांनी लंडनचे कलावंत पॉल पुर्गस यांनी त्या हुडकून काढल्या. त्यांवर २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर कार्यक्रम झाला आणि २०२३ मध्ये निवडक मुद्रणांची ध्वनिमुद्रिका निघाली.

“आता बघा, काका,” मुलगा म्हणाला. “त्यांनी तारा कशा जोडल्या होत्या ते कोणाला माहीत आहे? पेटीला आठवण नसते. तार उपटली की आवाज गेला. फिती राहिल्या म्हणून ते वाजवीत होते हे आपल्याला कळतं.”

मॉड्युलर पेटीचा हा खरा स्वभाव. ती काहीही लक्षात ठेवत नाही. आज लागलेला सुंदर आवाज उद्या पुन्हा हवा असेल तर प्रत्येक तार आणि प्रत्येक बटणाचा कोन कागदावर काढून ठेवावा लागतो. लॅपटॉप उलट सर्व लक्षात ठेवतो. एक कळ दाबली की दहा वर्षांपूर्वीची जोडणी जशीच्या तशी समोर. आम्ही म्हटले, मग यात तर लॅपटॉपच श्रेष्ठ.

संगणकाची आठवण किती पुरते?

यावर त्याने मुंबईची एक गोष्ट सांगितली. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार व कीबोर्ड वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली जपानी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे घेऊन दहा राग वाजविले आणि एचएमव्हीने त्याची ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण पुढे अमेरिकेत ज्या नाचाच्या संगीताचा बोलबाला झाला, त्याच्यासारखे काहीतरी या माणसाने मुंबईत बसून आधीच वाजवून ठेवले होते. २०१५ साली ते वारले. त्यापूर्वी परदेशांत जाऊन त्यांनी ते संगीत पुन्हा वाजविले, हे समाधान त्यांना लाभले.

त्या तीन यंत्रांतील एक होते टीबी-३०३. चंदेरी रंगाची छोटी प्लॅस्टिकची डबी. रोलँडने ती १९८४ मध्ये बनविणे बंद केले. स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीने १९९७ मध्ये तिची संगणकी प्रतिकृती काढली, नाव ‘रीबर्थ’, म्हणजे पुनर्जन्म. ती लोकांना फार आवडली. पण २००५ मध्ये तिचे काम थांबले, पुढे आयपॅडसाठी काढलेली आवृत्तीही २०१७ मध्ये रोलँडच्या हक्कांच्या प्रश्नावरून मागे घेतली गेली. आज स्थिती अशी, की चाळीस वर्षांपूर्वीची प्लॅस्टिकची डबी दुरुस्त करून अजून वाजते, आणि तिचा पुनर्जन्म मात्र नव्या संगणकावर सहजी उघडत नाही. २०१९ मध्ये ॲपलने आपल्या संगणकांवरून जुन्या ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला, तेव्हाही कितीतरी सॉफ्टवेअर वाद्ये एका रात्रीत मुकी झाली. ज्यांनी ती विकत घेतली होती त्यांचे काहीही चुकले नव्हते.

तेव्हा पेटी काहीच लक्षात ठेवत नाही, आणि लॅपटॉप सर्व लक्षात ठेवतो, पण दुसऱ्याच्या मर्जीने. पेटी बिघडली तर डागणीची सळई घेऊन बसणारा माणूस सापडतो. कंपनीने हात काढून घेतलेले सॉफ्टवेअर कोणाकडे न्यावे?

मिरजेचा तंबोरा हे याचे आपल्या ओळखीचे उदाहरण. मिरजेत शिकलगार घराण्यांतील कारागीर, जे पूर्वी हत्यारांना धार लावीत, ते पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनवीत आले आहेत. भोपळा वाळवावयाचा, कोरावयाचा, जवारी लावावयाची. एका तंबोऱ्यास कित्येक आठवडे लागतात. मग विजेवर चालणारा तंबोरा आला, आणि आता मोबाइलमध्ये फुकट तंबोरा मिळतो. आमच्या ओळखीच्या प्रत्येक गाणाऱ्या मुलीच्या फोनमध्ये तो आहे आणि रियाजास तो उत्तमच. पण मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते जवारी लावणाऱ्या हातास मिळाले. तो हात कोणत्याही फोनमध्ये उतरवून घेता येत नाही.

बावीस किलो

जेवणे झाल्यावर मुलाच्या सुस्काऱ्याचा उलगडा झाला. घर सोडल्यावर आईवडील आणि आजी संगमेश्वरास जाणार. त्याची नोकरी दुबईस, म्हणून तो राहणार. पण एकट्याच्या पगारात अल मजाजचे घर परवडत नाही. तिघांत मिळून एका खोलीची सोय झाली आहे. त्याच्या वाट्यास एक खाट आणि एक कपाट. पेटीचे वजन बावीस किलो. गेली सात वर्षे पहिल्या पगारापासून एकेक पट्टी विकत घेऊन त्याने ती भरली होती. ती कोठे ठेवावी?

“गावी पाठव,” यजमान म्हणाले. मुलाने मान हलविली. कोकणातला पाऊस, खारी दमट हवा. दोन पावसाळ्यांत प्रत्येक भोक गंजेल. आजी म्हणाल्या, “आम्ही मुंबईहून गावी जाताना पितळेची भांडी वाटली होती, तशी वाट.”

आम्हांस वाटले, म्हाताऱ्या माणसाने सहज बोललेली गोष्ट. पण मुलगा विचारात पडला. मॉड्युलर पेटीचे वैशिष्ट्यच ते, की तिचे भाग सुटे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठून पाहतो तर त्याने पेटीतील पट्ट्या काढून जमिनीवर मांडल्या होत्या. एक ऑसिलेटर, एक फिल्टर, आणखी दोन पट्ट्या एवढ्या बाजूला काढलेल्या. एवढ्या लहान डबीत बसतील आणि खाटेखाली जातील. बाकीच्या तो विकणार होता. मोठी कामे लॅपटॉपवर करावयाची आणि हात विसरू नये म्हणून डबी ठेवावयाची, असा त्याचा निर्णय.

विकण्यापूर्वी मात्र त्याने एक काम काढले. त्याच्याजवळ एक चौकटींची वही होती, शाळेत गणितास असते तशी. सात वर्षांत लागलेल्या चांगल्या जोडण्यांची चित्रे त्याने तीत काढली होती : कोणती तार कोठून कोठे, कोणते बटण किती वाजण्याच्या खुणेवर. ज्यांची चित्रे राहिली होती त्या जोडण्या तो पुन्हा लावीत होता, कागदावर उतरवीत होता आणि प्रत्येकीचा आवाज मुद्रित करीत होता. शेवटचे दोन दिवस आम्ही त्याचे मदतनीस झालो. तो आकडे सांगे, आम्ही लिहीत असू. एअरकंडिशनर अर्थातच चालू ठेवून!

निघताना विमानतळाच्या वाटेवर आमच्या मनात आपल्या झाकरीचा विचार येत होता. कोकणातली जाखडी आपल्या पूर्वजांबरोबर या बेटावर आली आणि झाकरी झाली. मधोमध बसून मृदंगावर ती गाणारी वयस्क मंडळी आता फार थोडी उरली आहेत. काहींच्या घरी कॅसेटी आहेत, कपाटात, दमट हवेत. कॅसेट वाजवावयाचे यंत्र बिघडलेले आहे. कोणत्या ओळीवर वर्तुळ उलटे फिरावयाचे, कोणत्या ठिकाणी मृदंग थांबावयाचा, हे कोठे लिहिलेले नाही. अहमदाबादच्या फिती निदान एका संस्थेच्या कपाटात होत्या. आपल्या कॅसेटी कोणाच्या कपाटात आहेत?

मोबाइल आज घरोघरी आहे. मुलांना संगणक येतो. एका रविवारी आजोबांसमोर फोन ठेवून त्यांचे गाणे मुद्रित करावे, जुनी कॅसेट संगणकावर उतरवावी, आणि त्याबरोबर एका वहीत चालीची, ठेक्याची, पावलांची टिपणे करावीत. वही आणि मुद्रण दोन्ही हवीत. एकाने दगा दिला तर दुसरे राहील. ज्या वाचकांकडे अशा कॅसेटी असतील त्यांनी आम्हांस जरूर कळवावे. टिपणे लिहून घेण्याचा आम्हांस आता थोडा सराव झाला आहे.